किल्ल्यावरील चित्रें : घडण, किंमत व विक्री

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुटी लागली, कीं साताऱ्यांत काय आणि सांगलींत काय, घरोघरच्या अंगणांत व वाड्यांच्या कोंपऱ्यांत किल्ले उभे राहूं लागतात. दगड, विटा व मातीचीं ढेंकळें रचून त्यांवर चिखलांत भिजविलेलें गोणपाट पांघरावें, त्याला बुरूज, तट, पायऱ्या व तळें करावें, उतारावर अळीव पेरावे, आणि चार दिवसांत हिरवळ उगवली म्हणजे वर चित्रें मांडावीं, हा क्रम आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. साताऱ्याच्या मुलांस नमुना शोधीत दूर जावें लागत नाहीं. मान वर केली कीं अजिंक्यतारा दिसतो. सांगलीचा मुलगा सपाट प्रदेशांत वाढतो, परंतु कृष्णाकांठची काळी चिकण माती त्याच्या हाताशीं असते, आणि त्यानें रचलेला प्रतापगड पाहून साताऱ्याच्या मुलानेंही मान डोलवावी, असे किल्ले आम्हीं तेथें पाहिले आहेत.

किल्ला फुकट होतो. चित्रें विकत आणावीं लागतात. येथें ‘चित्रें’ हा शब्द कागदावरील चित्रांविषयीं नाहीं, हें परगांवच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज, भाला घेतलेला मावळा, तोफ, बैलजोडी हाकणारा शेतकरी, डोक्यावर घागर घेतलेली बाई, गुहेच्या तोंडाशीं बसलेला वाघ, या सर्व वीतभर व त्याहून लहान मूर्तींना आपल्या भागांत चित्रें म्हणतात. मागें पालकसभेच्या वेळीं एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “मूठभर माती, आणि तिला तीस रुपये कां? तोच मावळा खोक्यांत घालून दुकानांत ठेवला, कीं त्याला चौपट कां?” प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दिवाळीच्या आठ दिवसांत हाच प्रश्न कित्येक घरांत बाप व मुलगा यांच्यामध्यें उभा राहतो, आणि बहुतेक ठिकाणीं तो उत्तराविना मिटविला जातो. म्हणून त्याचें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुंभाराच्या घरीं हें काम एका दिवसांत होत नाहीं. गणपतीच्या मूर्ति गेल्या, नवरात्र आटोपलें, कीं दिवाळीच्या चित्रांची घाई सुरू होते. सांचे मात्र त्याच्या कितीतरी आधीं तयार असावे लागतात. प्रथम एक मूळ चित्र हातानें घडवितात. मावळ्याची ऐट, मुंडाशाचा पीळ, ढालीचा कांठ हें सर्व त्यांत नीट उतरावें लागतें, कारण मुळांत जी खोट राहील ती पुढें हजार मावळ्यांत दिसेल. त्या मुळावरून दोन अर्धांचा सांचा घेतात. सांचा प्लास्टरचा असतो अथवा रबराचा. त्यांत शाडूची माती दाबतात, किंवा पाण्यांत कालवलेलें प्लास्टर ओततात. सुटून आलेल्या चित्राच्या दोन्ही कडांस जोडाची रेघ उमटलेली असते. ती पात्यानें खरवडून काढावी लागते. स्वस्त चित्र आणि चांगलें चित्र यांतील पहिला भेद येथेंच ओळखतां येतो. विकत घेतांना मावळा आडवा धरून कानापासून खांद्यापर्यंत पाहावा. रेघ दिसली, तर कोणीतरी आपले दोन मिनिटांचे श्रम वांचविले आहेत असें समजावें.

पुढें वाळवण. परतीचा पाऊस लांबला तर ओट्यावर मांडलेला माल उचलून घरांत न्यावा लागतो, आणि मग माणसांस निजावयास जागा उरत नाहीं. वाळल्यावर पांढरा हात देतात, व त्यानंतर रंग. येथें एक जण एकच मावळा आरंभापासून शेवटपर्यंत रंगवीत बसत नाहीं. एक जण पन्नास मावळ्यांचे अंगरखे रंगवितो, दुसरा त्याच पन्नासांचीं मुंडासीं, आणि घरांतील एखादी मुलगी शाळेंतून आल्यावर कमरेचे शेले. ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं आपल्या ग्रंथांत टांचणीच्या कारखान्याचें उदाहरण देऊन श्रमविभागाचें तत्त्व सांगितलें. वरच्या वर्गांतील विद्यार्थी तें पाठ करतात. त्यांनीं तेंच कुंभारवाड्यांतील ओट्यावर बसून पाहिलें, तर पाठ करण्याची गरज राहणार नाहीं. डोळे व मिशा मात्र शेवटीं, आणि बहुधा एकाच हातानें होतात. दोन ठिपके व एक वांकडी रेघ, एवढेंच तें काम. परंतु ठिपका केसभर सरकला कीं शूर मावळा तिरळा होतो, आणि तिरळा मावळा ढिगाच्या मागें जाऊन बसतो. त्याचा भाव उतरतो. मुलांस कधीं कधीं तोच आवडतो, ही गोष्ट वेगळी.

आतां किंमत. मातीचा खर्च सर्वांत कमी, हें त्या गृहस्थांचें म्हणणें खरेंच होतें. परंतु मातीच्या भोंवतीं दुसरे खर्च कसे गोळा होतात तें पाहूं. आंकडे आमचे, केवळ समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा, एका सांच्यास पांचशें रुपये पडले आणि झिजून निकामी होण्यापूर्वीं त्यांतून शंभर चित्रें निघालीं, तर प्रत्येक चित्रावर सांच्याचे पांच रुपये बसले. त्यांत माती, रंग व चार माणसांची मजुरी मिळवा. नंतर फुटीचा हिशेब करा. तरवारीचें टोंक, भाल्याचा हात व मान हे मावळ्याचे तीन नाजूक भाग. म्हणूनच हुशार कारागीर भाला मातीचा न करतां तारेचा किंवा काडीचा करून मागाहून हातांत खोंवतो. इतकें करूनही शंभरांतील दहा फुटलीं, तर उरलेल्या नव्वदांनीं शंभरांचा खर्च सोसावयाचा. यावर आणखी व्याज. पावसाळ्यांत घेतलेल्या सामानाचे पैसे दिवाळीच्या तोंडावर परत येतात, तोंवर ते कोणाकडून तरी उसने घेतलेले असतात. आणि जो माल विकला जात नाहीं तो वर्षभर कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवावा लागतो. माळा नसेल तर जमिनीवर. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेच्या महापुराचें पाणी सांगलीच्या बाजारपेठेंत व वस्तींत शिरलें, हें आमच्या सांगलीच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कपडा भिजला तर वाळतो, पण न भाजलेल्या मातीचें चित्र पाण्यांत राहिलें कीं पुन्हा मातीच होतें. ही सर्व जोखीम त्या तीस रुपयांच्या पोटांत आहे.

बाजारांत मात्र हा हिशेब कोणी मांडीत नाहीं. तेथें प्रथम उंची पाहतात. चार इंची मावळा दोन इंची मावळ्याच्या दुप्पट उंच, पण माती त्याला दुपटीहून फार अधिक लागते. लांबी, रुंदी व जाडी तिन्ही दुप्पट झालीं तर घनफळ आठपट होतें, हें आठवीच्या मुलानेंही सांगावें. तरीही त्याची किंमत आठपट नसते, कारण श्रम आठपट नसतात. महाराजांची मूर्ति मात्र उंचीच्या मानानेंही महाग असते. सिंहासन, जिरेटोप व दागिने यांचें काम अधिक, हें एक कारण झालें. दुसरें कारण विक्रेत्यास पक्कें ठाऊक असतें: मावळे पांच असोत वा पंधरा, किल्ला होतो, महाराजांवांचून होत नाहीं. जी वस्तु एकच लागते आणि लागतेच, तिच्या किंमतींत विक्रेता सहसा ओढ सोसत नाहीं. मावळ्यांवर तो चार पैसे सोडील, वाघावर सोडील, महाराजांवर सोडणार नाहीं. शिवाय दिवसादिवसांत फरक आहेच. वसुबारसेपर्यंत भाव ताठ असतो. नरकचतुर्दशी उजाडली कीं विक्रेत्याच्या आवाजांतच फरक पडतो, कारण उद्यां त्याच्या ढिगाचें काय होणार तें त्याला माहीत असतें. ज्या घरांत पैशाची ओढ आहे तेथील मुलें ही वेळ बरोबर साधतात, व यांत कमीपणा मानण्यासारखें कांहीं नाहीं.

कुंभाराच्या घरून किरकोळ विक्रेत्याकडे हा माल शेंकड्यानें जातो. टोपलींत पेंढ्याचा थर, त्यावर चित्रांची रांग, एकाचें डोकें दुसऱ्याच्या पायांकडे, पुन्हा पेंढा, पुन्हा रांग. पेंढा फुकट किंवा फुकटासारखा मिळतो, वजनाला हलका असतो, धक्का सोसतो, आणि शेवटीं म्हैस तो खाते. इतकें गुणी वेष्टन दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं. रस्त्याच्या कडेला आल्यावर विक्रेता गोणपाट पसरतो, पेंढा झटकतो, व चित्रें उंचीप्रमाणें उभीं करतो. तेथें कोणतेंही चित्र एकएकटें मिळतें. मुलानें उकिडवें बसावें, दहा मावळे हातांत घेऊन उलटेसुलटे करावे, एक निवडावा. न्युरेंबर्ग किंवा लंडन येथील मुलास हें सुख सहसा लाभलें नाहीं, आणि तें कां, हें पाहण्यासारखें आहे.

जर्मनींतील न्युरेंबर्ग शहर खेळण्यांविषयीं जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. तेथें अर्न्स्ट हाइनरिक्सन यानें १८३९ सालीं कथलाचे चपटे शिपाई करण्याचा कारखाना काढला. हे शिपाई लांकडाच्या पातळ पट्टीच्या पेट्यांत भरून वजनावर विकीत. आपण जसे पावशेर शेंगदाणे घेत असूं, तसे तेथील बापानें मुलासाठीं पाव पौंड शिपाई घ्यावयाचे. धातु महाग व मजुरी स्वस्त असेल तेथें वजनावर विकणें हेंच न्याय्य वाटतें. पुढें १८९३ सालीं लंडनच्या ब्रिटन कुटुंबानें एक युक्ति काढली. तापलेला शिशाचा रस सांच्यांत ओतावयाचा, आणि कडेचा थर थिजतांच मधला पातळ रस परत बाहेर ओतून द्यावयाचा. शिपाई बाहेरून भरीव दिसे, आंतून पोकळ असे. धातु वांचली, वजन घटलें, आणि जर्मन मालापेक्षां तो स्वस्त पडूं लागला. परंतु पोकळ शिपाई वजनावर विकून कसें चालेल? म्हणून ब्रिटननें त्यांना तांबड्या पेटींत घातलें, आंतील पुठ्ठ्यास दोऱ्यानें बांधलें, आणि पेटीला एक किंमत ठरविली. घोडेस्वार असतील तर पेटींत पांच, पायदळ असेल तर आठ. किंमत दोहोंची एक शिलिंग. येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. किंमत कायम, संख्या कमीअधिक, ही ती युक्ति आहे. पांच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षें तीच राहते, आणि आंतील वजन गुपचूप उतरत जातें, तें याच कुळांतलें.

हे शिपाई शिशाचे होते. शिसें पोटांत गेलें तर मुलांच्या बुद्धीस व मज्जातंतूंस अपाय करतें, हें पुढें सिद्ध झालें, आणि ब्रिटन कारखान्यानें १९६६ सालीं शिशाचे शिपाई करणें बंद केलें. आपल्याकडील चित्रें शिशाचीं नसतात, पण रंगाची काळजी घेतली पाहिजे. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांस नव्वद भागांहून अधिक शिसें असतां कामा नये. जुन्या डब्यांतील चकचकीत तांबडा व पिवळा रंग मात्र त्याआधींचा असूं शकतो. धाकट्या भावंडांस मावळ्याचें डोकें चोखूं देऊं नये, एवढें पालकांनीं पाहावें.

अशा शिपायांस घेऊन नियमबद्ध खेळ खेळण्याचें एक पुस्तक एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें १९१३ सालीं लिहिलें. त्यांतून वाढत वाढत आज जो मोठा व्यापार झाला आहे, त्यांतील सर्वांत नांवाजलेली कंपनी इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप ही होय. ती १९७५ सालीं स्थापन झाली. तिचा वॉरहॅमर हा खेळ १९८३ सालीं निघाला. आणि डिसेंबर २०२४ मध्यें लंडनच्या शेअरबाजारांतील पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादींत ती जाऊन बसली. अंगठ्याएवढे शिपाई विकून! हें कसें झालें तें समजण्यासाठीं तिची पेटी उघडून पाहावी. आंत शिपाई नसतोच. प्लास्टिकच्या चौकटीस चिकटलेले हात, पाय, डोकीं व शस्त्रें सुटीं असतात. तीं कापून काढावयाचीं, घासावयाचीं, डिंकानें जोडावयाचीं व रंगवावयाचीं. आणि रंग, कुंचला, डिंक हें सर्व निराळें विकत घ्यावयाचें. आमच्या कुंभाराच्या घरीं ज्या कामाची मजुरी आपण देतों, तेंच काम तेथें गिऱ्हाईक स्वतः करतो आणि त्याबद्दल अधिक पैसे मोजतो, कारण तें काम त्याला मजुरी न वाटतां छंद वाटतें. कंपनीच्या दुकानांत एक-दोन माणसें असतात, व त्यांचें मुख्य काम नवख्यास रंगवावयास व खेळावयास शिकविणें हें असतें. ज्याला रंगवितां आलें तो पुन्हा येतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. प्लास्टिकच्या अशा कामाचा सांचा पोलादाचा असतो व त्याची किंमत लाखांत जाते. समजा, तो पांच लाखांचा आहे. त्यांतून पांच लाख शिपाई निघाले तर एकावर एक रुपया बसला. पांच हजारच विकले गेले तर एकावर शंभर. म्हणून कारखानदारास गिऱ्हाईक हजारांनीं नव्हे, लाखांनीं हवें असतें, आणि तें दूरदूरच्या देशांत शोधावें लागतें. दूर जावयाचें तर पेटी हवी, पेटीवर चित्र हवें, नांव हवें. दुसरी गोष्ट मापाची. त्या खेळांत सर्व शिपाई एकाच प्रमाणाचे असावे लागतात. साधारण अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचें तें प्रमाण आहे. एका कारखान्याचें प्रमाण एकदां धरलें, कीं पुढील खरेदी बहुधा त्याच प्रमाणांत व त्याच दारीं. आमच्या किल्ल्यावर महाराज दरवाजाहून उंच असतात, वाघ तोफेहून लहान असतो, आणि त्याचें कोणास कांहींच वाटत नाहीं. त्यामुळें गेल्या वर्षींचा मावळा, मामाच्या गांवचा मावळा आणि आजचा मावळा एकाच तटावर पहारा करतात. या बेशिस्तीनें आईबापांचे किती पैसे वांचविले आहेत, याचा हिशेब कोणीं केलेला नाहीं.

इसवी सन २००० मध्यें अमेरिकेंत मेज नाइट नांवाचा खेळ निघाला, त्यांत आयते रंगविलेले शिपाई बंद पेटींत येत, व आंत कोणते आहेत हें पेटी फोडल्यावांचून कळत नसे. हवा तो मिळेपर्यंत मुलानें पेट्या घेत राहावें, अशी ती योजना होती. तिला व्यापारी काय म्हणतात तें असो. आम्ही तिला सोडत म्हणतों, आणि मुलांच्या खेळांत ती नसावी असें आमचें स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील दुकानांतही आतां पेटीबंद मावळे दिसतात. पुठ्ठ्याच्या खोक्यास पारदर्शक खिडकी, आंत महाराज व सहा-आठ मावळे, प्रत्येकासाठीं प्लास्टिकचा खळगा. या पेटीच्या चौपट किंमतींत काय काय बसलें आहे? खोकें, छपाई व खळग्यांचा पत्रा. कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या दोन-तीन हातांचा नफा. दुकानाचें भाडें, जें वर्षभर द्यावें लागतें आणि चित्रें मात्र पंधरा दिवस विकलीं जातात. आणि कायद्याचें पालन. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील २०११ च्या नियमांप्रमाणें आधींच बांधलेल्या वस्तूवर करणाऱ्याचें नांव व पत्ता, नगांची संख्या, महिना व वर्ष, तक्रारीचा पत्ता, आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. त्या किंमतीहून अधिक घेणें गुन्हा आहे. कमी घेण्यास मनाई नाहीं, हें पालक पुष्कळदां विसरतात. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचें आय. एस. आय. चिन्ह आवश्यक झालें. नोंदणीकृत हस्तकारागिरांनीं स्वतः करून विकलेल्या खेळण्यांस त्यांतून सूट आहे. परदेशी खेळण्यांवरील आयातकर फेब्रुवारी २०२० मध्यें वीस टक्क्यांवरून साठ टक्के, व २०२३ मध्यें सत्तर टक्के झाला. म्हणून वर सांगितलेली नॉटिंगहॅमची पेटी येथें येईपर्यंत तिची किंमत ऐकून दचकावयास होतें.

पेटीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. पेटींतला मावळा पुण्यामुंबईस, किंबहुना परदेशांत असलेल्या आपल्या माणसांच्या मुलांपर्यंत न फुटतां पोंचतो. टोपलींतला पोंचत नाहीं. भाव छापलेला असल्यामुळें घासाघीस न येणाऱ्या भिडस्त माणसाची फसवणूक टळते. परंतु पेटी एक गोष्ट हिरावून घेते, ती अशी. गेल्या वर्षीं आमच्या वसतिगृहांतील मुलांनीं सुटीपूर्वीं किल्ला केला व वर्गणी न काढतां प्रत्येकानें एकएक चित्र आणावें असें ठरविलें. त्यांतील एकाजवळ तीसच रुपये होते. त्याच्याबरोबर बाजारांत आम्ही होतों. तो गोणपाटापुढें पाऊण तास बसला. विक्रेता प्रथम हंसला, मग चिडला, आणि शेवटीं स्वतःच ढिगांतून चित्रें काढून त्याच्यापुढें ठेवूं लागला. त्यानें हातांत कंदील धरलेला पहारेकरी निवडला. किल्ल्याच्या दरवाजाशीं तोच उभा राहिला, व पाहावयास आलेल्या प्रत्येकास त्या मुलानें तो आपला असल्याचें सांगितलें. त्याच रस्त्यावरील दुकानांत सर्वांत लहान पेटी साडेतीनशें रुपयांची होती. तींत पहारेकरी होताच, परंतु तो आठांतला एक होता, आणि दुकानदार पेटी फोडून एक देण्यास तयार नव्हता. त्याचेंही चूक नव्हतें. उरलेले सात त्यानें कोणास विकावे?

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें आमच्यापुढें या वर्षीं आला. नववींतील एका विद्यार्थ्याच्या घरीं चित्रांचा धंदा आहे. एका व्यापाऱ्यानें त्याच्या वडिलांस सांगितलें, कीं पेट्या बांधून द्या, पांचशें पेट्या घेतों. पैसे दिवाळीनंतर, आणि न विकलेला माल परत. वडील खोक्यांसाठीं कर्ज काढण्याच्या विचारांत होते. मुलानें तो हिशेब वर्गांत आणला, व आम्हीं गणिताच्या तासाला तो फळ्यावर मांडला. खोकें व छपाई यांचा खर्च आधीं. पैसे तीन महिन्यांनीं. परत आलेल्या पेटीवर यंदाचें वर्ष छापलेलें, त्यामुळें ती पुढच्या वर्षीं जुनी. फुटीची जोखीम दुकानाच्या फळीपर्यंत आपलीच. मुलांनीं निरनिराळे भाव धरून पाहिले. परतीचा माल पांचांत एकाहून अधिक झाला, कीं आम्हीं धरलेल्या आंकड्यांत नफा नाहींसा होई. व्यापारी अर्धे पैसे आगाऊ देईल व परतीची अट सोडील, तरच काम पत्करावें, असें बहुतेक मुलांचें मत पडलें. व्यापारी त्या अटींस कबूल झाला नाहीं.

पण त्या तासाला मागच्या बांकावरून एक प्रश्न आला: पेटी रिकामी ठेवली तर? कायदा वाचून पाहतां असें दिसलें, कीं ‘आधीं बांधलेली वस्तु’ म्हणजे गिऱ्हाईक समोर नसतांना, ठराविक संख्येनें, वेष्टनांत घातलेली. गिऱ्हाईकानें आपल्या हातानें निवडलेलीं चित्रें त्याच्या समोर खोक्यांत घातलीं, तर तीं सुटींच. मग त्या मुलानें चपलांच्या दुकानांतून रिकामीं खोकीं आणलीं, त्यांवर बहिणीकडून तटबुरुजांचीं चित्रें काढून घेतलीं, व तीं ओट्यावर रचून ठेवलीं. सहा चित्रें घेणारास खोकें व पेंढा फुकट; एक घेणारास कागदाची पुडी. धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं आम्ही तेथें गेलों, तेव्हां खोकीं संपलीं होतीं, आणि तो पुढच्या वर्षींसाठीं आमच्या घरच्या जुन्या खोक्यांची चौकशी करीत होता.